आख, वंगण आणि वारा

चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय उघडला की आधी ऊन लागते. पांचाल देश, त्याची राजधानी कांपिल्य, गंगेचा काठ, उन्हाळ्याचा शेवटचा महिना. आणि काठावरच्या रानातून शिष्यांच्या मेळ्यासह चाललेले पुनर्वसु आत्रेय. आसन नाही, यज्ञमंडप नाही, समोर उघडलेली पोथी नाही. पायाखाली रान आहे आणि वर तापलेले आभाळ. आयुर्वेदातला रोगराईविषयीचा एक फार मोठा विचार असा चालता चालता सुरू होतो, आणि या अध्यायाचा सगळा स्वाद त्या चालण्यात आहे, असे मला वाटते. चालणारा माणूस आजूबाजूला पाहत असतो. आत्रेयही पाहतात आणि आपल्या शिष्याला, अग्निवेशाला, सांगतात, की नक्षत्रे, ग्रह, चंद्र, सूर्य, वारा, अग्नी, दिशा यांचे काहीतरी बिघडलेले दिसते, ऋतू आपल्या वळणावर नाही. आता लवकरच ही भूमी वनस्पतींत रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव नीट उतरवणार नाही, आणि मग रोग पसरल्याशिवाय राहणार नाहीत. तेव्हा भूमी निःसत्त्व होण्याआधी औषधे गोळा करून घ्या.

कांपिल्य आज उत्तर प्रदेशाच्या फर्रुखाबाद जिल्ह्यात येते. पण हा प्रसंग यवतमाळच्या मातीत उभे राहून वाचावा, मग तो अंगाला भिडतो. रोहिण्या सरत आलेल्या, मृगाची वाट पाहणे सुरू झालेले, वखरून ठेवलेले काळे वावर भेगाळलेल्या तोंडाने पडलेले, सरकीची पाकिटे घरात येऊन थांबलेली. आणि पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजीकडच्या रानांत साग, धावडा, सालई, बेहडा, बिबा हे सगळे पहिल्या पावसासाठी ताटकळलेले. या दिवसांत इथला प्रत्येक जण दिवसातून दहादा वर बघतो. वाऱ्याचा रोख, ढगांची जात, रात्रीच्या आभाळाचा रंग यांवर पारापारावर मते दिली जातात. आत्रेयांची नजर त्यांना परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की शेतकरी आभाळाकडे पाहून पिकाचा अंदाज करतो आणि आत्रेय त्याच आभाळाकडे पाहून औषधाचा अंदाज करतात. औषध हे त्यांच्या लेखी मातीतले पीकच आहे. तेही पावसावर अवलंबून, तेही हंगामाचे, तेही बुडू शकणारे.

इथे आपण क्षणभर थांबू. वनौषधीविषयी आज जे बोलले जाते, त्यात वनस्पती एकदम शुद्ध, निरागस आणि कायमची गुणकारी असते. बाटलीवर हिरवे पान छापले की काम झाले. चरकसंहितेला हा भाबडेपणा ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने झाडपाल्याचा गुण झाडपाल्याच्या मालकीचा नाही, तो जमिनीने, पाण्याने आणि ऋतूने उसना दिलेला आहे आणि ते तो परत घेऊ शकतात. म्हणून चिकित्सास्थानात बिब्याचे रसायन सांगताना केवढी बारकाई येते ते पाहावे. फळे किडलेली नसावीत, रसाने, आकाराने आणि वीर्याने भरलेली असावीत, पिकलेल्या जांभळासारखी दिसावीत, ज्येष्ठ-आषाढात गोळा करावीत, जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवावीत, आणि थंडीच्या महिन्यांत मग वापरायला काढावीत. वऱ्हाडात ज्यांनी बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांची काळवंडलेली बोटे पाहिली आहेत, बिबा अंगावर उतला म्हणजे काय होते ते सोसले आहे, त्यांना त्या चार महिन्यांच्या धीराचे मोल सांगायला नको. ज्या फळाचा थेंब कातडी जाळतो त्यालाच दीर्घायुष्याचे रसायन मानायचे, पण अटी घालून, काळ मोजून, राशीत निजवून. या औषधीविचारात भीती आणि विश्वास असे शेजारी नांदतात.

गोळा केलेल्या औषधांचे करायचे काय, याचे आत्रेयांचे उत्तर मला या अध्यायातले सर्वांत कोवळे स्थळ वाटते. आपण ती वापरू, असे ते म्हणतात. आणि कुणासाठी, तर जे आपल्याकडे आशेने पाहतात त्यांच्यासाठी आणि ज्यांच्याविषयी आपल्याला आस्था आहे त्यांच्यासाठी. साथ अजून आलेली नाही. रुग्ण अजून रुग्ण झालेले नाहीत. तरी त्यांची चाहूल गुरूच्या मनात आहे, आणि ती दुहेरी आहे. रुग्णाला वैद्याची आस असते हे सांगायला शास्त्र कशाला? पण वैद्यालाही रुग्णाची आस असते, हे गद्यात, सूचनांच्या ओघात, कसलाही गाजावाजा न करता सांगून जाणारा ग्रंथकार रसिक असला पाहिजे. लगेच पुढे तो व्यवहारावर येतो. औषध नीट उपटलेले, नीट सिद्ध केलेले आणि नीट दिलेले असेल, तर गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या रोगांचाही प्रतिकार जड जात नाही. या तीन पायऱ्यांत कुठेही चमत्कार नाही. तीनही ठिकाणी माणसाचे हात आहेत.

हे हात कुणाचे? सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात त्याचे उत्तर येऊन गेलेले आहे. शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गुरे राखणारे आणि रानात राहणारे इतर लोक वनस्पतींना नावाने आणि रूपाने ओळखतात, असे चरकसंहिता मोकळेपणी मान्य करते. सुश्रुतही औषधे शोधताना गुराखी, तापस, व्याध, कंदमुळांवर जगणारे यांना विचारा असे सांगतो. यवतमाळच्या दक्षिणेकडे कोलामांची पोडे आहेत, गोंडांची गावे आहेत, उमरखेड-पुसदकडे आंध आहेत, आणि बंजाऱ्यांचे तांडे तर जिल्हाभर. मोहाची फुले कोणत्या पहाटे झडतात, धावड्याचा डिंक कुठल्या खाचेतून येतो, अर्जुनाची साल झाडाला न मारता किती काढावी, हे जाणणाऱ्यांची वस्ती चरकाला अनोळखी नव्हती. पण ग्रंथ त्यांना अर्धेच श्रेय देतो. नाव-रूप कळले म्हणजे औषध कळले असे नाही, देश, काळ आणि माणूस पाहून त्याची योजना ज्याला कळते तोच खरा वैद्य, असे तो पुढे म्हणतो. तत्त्व बिनतोड आहे, मात्र उरलेला अर्धा भाग रानातल्या माणसाकडे नसतोच, हे गृहीत मला पटत नाही. ज्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या तेच मूळ कधी बाळंतिणीला दिले आणि कधी मुद्दाम दिले नाही, तिने देश, काळ, माणूस पाहिलाच होता. तिने तो श्लोकात बांधला नाही एवढेच. असो. न कळलेले औषध विष, शस्त्र, आग आणि वीज यांच्या पंक्तीला बसवणारा हा ग्रंथ स्वतःच्या वैद्यांवरही तेवढाच कडक आहे, ही त्याच्या बाजूची गोष्ट.

आता अग्निवेश. हा शिष्य मला आवडतो, कारण तो मान डोलवत नाही. औषधे गोळा झाली, ठीक. पण मला हे सांगा, म्हणतो, की माणसांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, देह, बळ, सवयी, मनाची ताकद, वय सगळे वेगळे, तरी एकाच रोगाने एकाच वेळी एक अख्खा प्रदेश उद्ध्वस्त कसा होतो? प्रश्नाची धार पाहा. वैद्यकाची सगळी इमारत ज्या पायावर उभी आहे, म्हणजे प्रत्येकाची प्रकृती निराळी आणि म्हणून प्रत्येकाचे पथ्य निराळे, त्या पायालाच तो हात घालतो. ज्याने मोजून खाल्ले, वेळेवर झोप घेतली, त्यालाही साथ नेते आणि ज्याने काहीच पाळले नाही त्यालाही नेते. मग पाळण्याला अर्थ काय?

आत्रेय प्रश्न टाळत नाहीत. सगळे वेगळे असले तरी चार गोष्टी सगळ्यांना समाईक असतात: वारा, पाणी, भूमी आणि काळ. या बिघडल्या की प्रकृतीचे भेद उरत नाहीत. आणि या चौघांचा क्रम लावताना ते म्हणतात, की एकापेक्षा पुढची एक टाळायला अधिक अवघड. आपण विचार करून पाहिला तर हा क्रम किती अचूक आहे हे जाणवते. वाईट वाऱ्यापासून घटकाभर दार लावून बसता येईल. पाण्यावाचून किती तास राहणार. गाव सोडायचे तर शेत, गुरे, थडगी मागे सोडावी लागतात. आणि काळ सोडून कुठे जाणार? यात सामान्य माणसाच्या हाताचा आवाका नेमका मोजलेला आहे. स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी स्वतःवर घ्यायची असेल, तर आधी आपला हात कुठवर पोचतो हे तरी माहीत हवे.

बिघडलेल्या पाण्याची लक्षणे सांगताना भाषा डोळस होते. वास, रंग, चव, स्पर्श पालटलेला, चिकट झालेले, पाणपक्ष्यांनी सोडलेले, आतले जलचर घटलेले, मनाला नकोसे वाटणारे पाणी. पाणपक्ष्यांनी सोडलेले, या तपशिलावर मी नेहमी रेंगाळतो. पाणी तपासायला प्रयोगशाळा नव्हती, पण बगळा होता. तो उठून गेला की समजायचे. मात्र यवतमाळचा वाचक इथे थबकेल. या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. हातपंपाचे ते पाणी स्वच्छ दिसते, गोड लागते, आणि वर्षानुवर्षे दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि हाडांत ताठरपणा भरत जाते. चरकाच्या यादीतली एकही खूण त्याला लागू पडत नाही. हातपंपावर बगळा येतच नाही, तो जाणार कुठून? प्राचीन ग्रंथाचे कौतुक करताना त्याच्या खुणा जिथे संपतात ती जागा दिसली, तर कौतुक कमी होत नाही, ते जागेवर बसते.

मग हे चार समाईक घटक बिघडतात कशाने? अधर्माने, असे उत्तर येते, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे समज, धीर आणि स्मरण ढळून केलेल्या कृत्यात. आधुनिक वाचक इथे पुस्तक मिटण्याच्या बेतात असतो. पण जरा धीर धरू, कारण पुढे जी उपपत्ती येते तिच्यात विलक्षण गंमत आहे. कृतयुग सरत असताना काही संपन्न लोकांनी गरजेपेक्षा जास्त घेतले. त्याने अंग जड झाले. जड अंगाला थकवा आला, थकव्यातून आळस, आळसातून साठवण, साठवणीतून हे माझे ते माझे, आणि त्यातून लोभ. पुढच्या युगात लोभातून द्रोह, द्रोहातून खोटेपणा, आणि मग काम, क्रोध, मान, द्वेष, कठोरपणा, भय, शोक, चिंता अशी रांग लागते, भूमीचे गुण एकेक चतुर्थांशाने घटतात, धान्याचे सत्त्व उतरते, आयुष्य आखडते. पुराणकथांत युगे काळाच्या ठरलेल्या चक्राने पालटतात. इथे युग पालटते ते पोट फुगल्याने! माणूस आळशी झाला म्हणून साठवू लागला, ही साखळी वैद्यालाच सुचावी. उद्या पुन्हा रानात जाण्याचा कंटाळा आला म्हणून आजच दोन टोपल्या आणल्या, इथून सुरू झालेली गोष्ट कुठवर गेली आहे, हे कापसाच्या बाजारात चार हंगाम काढलेल्या माणसाला वेगळे समजावावे लागणार नाही.

अग्निवेशाचा पुढचा प्रश्न आयुष्याचा. सगळ्यांचे आयुष्य ठरलेले असते की नसते? उत्तर म्हणून आत्रेय दैव आणि पुरुषकार, पूर्वीचे केलेले आणि आताचे केलेले, यांच्या बळाबळाचा हिशेब मांडतात. एक बलवान झाले की दुसऱ्याला दाबते. तत्त्वज्ञान म्हणून हे वजनदार आहे, पण मला मोह पडतो तो त्यापुढच्या मिस्कील युक्तिवादाचा. आयुष्य ठरलेलेच असते तर दीर्घायुष्यासाठी कुणी औषध घेतले नसते, व्रत केले नसते. इतकेच काय, उधळलेली गाय, हत्ती, उंट, गाढव, घोडा, रेडा यांना पाहून कुणी बाजूला झाले नसते. कडा, धबधबा, फोफावलेला ओढा, वेडा माणूस, साप, आग यांना कुणी टाळले नसते. म्हणजे तुम्ही तोंडाने दैववादी असा, तुमचे पाय दैववादी नाहीत. मारका बैल अंगावर आला की अख्खा गाव पुरुषार्थवादी होतो. प्रतिपक्षाला शास्त्राने हरवण्याऐवजी त्याच्याच पळण्याने हरवणारा हा वाद कुठल्याही पारावर रंगेल.

आणि मग येतो आख.

गाडीला जोडलेला आख, आत्रेय सांगतात, आपल्या अंगच्या गुणांनी धड असेल आणि रीतीने वापरला जात असेल, तर झिजत झिजत आपल्या वेळेला संपतो. तसे आयुष्य, तो झाला काळी आलेला मृत्यू. पण तोच आख वाटेतही मोडतो, आणि त्याची कारणे ते एकेक करून बोटावर मोजतात. ओझे जास्त झाले, वाट उंचसखल होती, वाट सोडून आडरानात घातला, चाक मोडले, ओढणाऱ्या जनावरात किंवा हाकणाऱ्यात खोट होती, चाक अडवणारी खीळ निसटली, वंगण दिले नाही, गाडी कलंडली. यवतमाळच्या जिनिंगच्या वाटेवर कापसाने भरलेल्या बंड्यांच्या रांगा ज्यांच्या आठवणीत आहेत, त्यांच्यासाठी ही यादी उपमा उरत नाही. साट्यावर वीतभर जास्त रचलेला कापूस, ओढ्याच्या उतारावर बाहेर झुकलेले चाक, तुंब्यातून येणारी कोरडी करकर आणि दांडीला टांगलेले वंगणाचे नळकांडे त्यांना जसेच्या तसे दिसते. उपमेचे सौंदर्य असे, की ती अर्धी सांगून सोडलेली नाही. देह गाडीसारखा आहे असे म्हणून कवी पुढे निघून गेला असता. वैद्य खाली वाकतो आणि खीळ तपासतो.

त्या आठ कारणांकडे पुन्हा नीट पाहू, कारण त्यांच्या मांडणीत एक न्यायबुद्धी आहे. जास्त ओझे गाडीवानाने घातले असेल, पण कदाचित मालकाने घालायला लावले असेल. उंचसखल वाट गाडीवानाने बांधलेली नाही. आडरानात मात्र त्यानेच घातली. खीळ आणि वंगण ही सर्वस्वी त्याची रोजची कामे. कलंडणे कधी त्याच्या चुकीने, कधी कुणाच्याच नाही. ग्रंथकार ही कारणे दोष आणि दुर्दैव अशा दोन कप्प्यांत वाटत नाही. तो ती एका दोरीत ओवतो. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात हाच गाडीवान आधी भेटून गेलेला असतो. तिथे अन्नाची मात्रा, डोळ्यांत अंजन, दात घासायला करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असणा यांच्या काड्या, पायांत वहाणा, हातात काठी, डोक्यावर छत्री असा दिवसभराचा परिपाठ सांगून झाल्यावर शेवटी म्हटले आहे, की नगराचा अधिपती नगराविषयी आणि रथी रथाविषयी जसा सावध असतो तसे शहाण्याने आपल्या शरीराविषयी सावध असावे. करंज, रुई आणि अर्जुन आपल्या बांधावर आणि ओढ्याकाठी आजही उभे आहेत, म्हणून हा श्लोक घरचा वाटतो. पण मला त्यातला अवधानाचा सूर महत्त्वाचा वाटतो. निग्रहाची दमदाटी तिथे नाही, शरीराशी वैर नाही, पापाची भीती नाही. आपल्या ताब्यात दिलेल्या गोष्टीकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाची साधी जागरूकता आहे. पाचव्या अध्यायात गाडीवान दिसला, विमानस्थानात आख दिसला. आणि मधल्या सगळ्या ग्रंथभर जणू ती गाडी चालत होती.

आखाची उपमा संपवून आत्रेय माणसाकडे वळतात. अवेळी मरण कशाने येते? बळापलीकडच्या खटाटोपाने, जठराग्नी न पाहता खाण्याने, अंग वेडेवाकडे टाकण्याने, आलेले वेग अडवण्याने, अडवायचे वेग न अडवण्याने, वाईट संगतीने. आणि भूत, विष, वारा, अग्नी यांच्या तापाने, आघाताने, अन्न आणि उपचार न मिळण्याने. यादीच्या पूर्वार्धात जवळजवळ सगळे माणसाच्या हातातले आहे. उत्तरार्धात ते हळूहळू हातातून सुटत जाते. विष आणि वारा हे दोन शब्द तिथे लागोपाठ येतात, आणि यवतमाळात ते तसे वाचताना २०१७ आठवल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली असताना, पाठीवरच्या पंपाने कीटकनाशक फवारताना जिल्ह्यातले २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. विष आणि वारा तिथे वेगळे उरले नव्हते. मग ठरल्याप्रमाणे चर्चा झाली: हातमोजे का घातले नाहीत, तोंड का बांधले नाही, वाऱ्याच्या दिशेला पाठ का केली नाही, औषधे आपल्या मनाने का मिसळली.

यातला एकेक प्रश्न रास्त आहे; वंगण देणे हे गाडीवानाचेच काम. परंतु आपल्या अध्यायाने हा हिशेब कसा मांडला असता? भूमी, पाणी आणि वारा बिघडण्याचे मूळ सांगताना तो सुरुवात करतो देशाच्या, नगराच्या आणि जनपदाच्या प्रमुखांपासून. ते अधर्माने वागू लागले की त्यांचे आश्रित, मग नगरजन आणि ग्रामजन, आणि व्यवहारावर जगणारे व्यापारी तो अधर्म वाढवत नेतात; त्यानंतर पाऊस वेळेवर पडत नाही, वारे नीट वाहत नाहीत, आणि वनस्पती आपला स्वभाव सोडतात. उतरंड वरून खाली आहे. सर्वांत खालच्या माणसाच्या तोंडावरचा फडका हा तिथे पहिला मुद्दा होऊ शकत नाही. पथ्यपाण्याचे एवढे बारीक नियम घालून देणारा, काडी कोणत्या झाडाची घ्यावी इथवर व्यक्तीला जबाबदार धरणारा ग्रंथ सामुदायिक मरणाच्या दारात उभा राहिला की व्यक्तीकडे बोट दाखवत नाही, ही त्याची उंची मला कुठल्याही रसायनप्रयोगापेक्षा मोठी वाटते.

इतके कौतुक केल्यावर काटाही दाखवला पाहिजे. याच अध्यायाच्या शेवटाकडे कुणावर उपचार करू नयेत याची एक यादी आहे. तिच्यात स्वतःला वैद्य समजणारा रुग्ण आहे, आणि त्याला पाहून आपल्याला हसू येते, कारण तो प्रत्येक घरात एक असतोच. तापट आहे, मत्सरी आहे, मरणाची चिन्हे दिसू लागलेला आहे. आणि त्यांच्या ओळीत, काहीच न घडल्यासारखा, निर्धन माणूस उभा केलेला आहे. शेजारी, ज्याची शुश्रूषा करायला कुणी नाही तो. ज्यांच्याविषयी आस्था आहे त्यांच्यासाठी औषधे गोळा करा म्हणणाऱ्या गुरूच्या अध्यायात हे वाचताना दाताखाली खडा येतो. बचाव करता येईल: चिकित्सेचे चार पाय वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण, त्यांपैकी दोन नसतील तर वैद्याला अपयश ठरलेले. पण तो बचाव तोकडा आहे. त्यापेक्षा मला संहितेचाच दुसरा कोपरा जवळचा वाटतो. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात वमन-विरेचनासाठी लागणाऱ्या घराचे, भांड्यांचे, सेवकांचे, गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचे राजेशाही वर्णन झाल्यावर ग्रंथकाराला एकाएकी कुणाची तरी आठवण येते. सगळ्यांकडे सगळी साधने नसतात, तो म्हणतो, आणि दारुण रोग गरिबाला सोडत नाहीत; तेव्हा त्याने जे मिळेल त्यावर, वेळ पडेल तशी शुद्धी करून घ्यावी, शक्य ते औषध, वस्त्र, अन्न मिळवावे. एका हाताने लोटलेला माणूस दुसऱ्या हाताने आत घेतलेला. अनेक हातांनी, अनेक शतकांत घडलेल्या या ग्रंथात (अग्निवेशाचे तंत्र, चरकाचा संस्कार, दृढबलाची पूर्तता) दोन्ही हात खरे आहेत, आणि त्यांतला एक लपवून केलेले रसग्रहण खोटे ठरेल.

चिकित्सेच्या त्या चार पायांत रुग्णाचे जे गुण सांगितले आहेत, तेही जाता जाता पाहून ठेवू. स्मरण, सांगितलेले करणे, न घाबरणे, आणि आपल्याला काय होते आहे ते नीट सांगता येणे. आज्ञाधारक रुग्ण कुणालाही हवा असतो. पण आपले दुखणे सांगता येणे हा गुण मानून, त्याला वैद्याच्या ज्ञानाबरोबर एकाच पंगतीत बसवणे हे मोठ्या मनाचे लक्षण आहे. रुग्णाला इथे तोंड आहे, आणि ते त्याने उघडावे अशी अपेक्षा आहे. तपासणीच्या खोलीत कागद आधी आणि माणूस नंतर पाहिला जाण्याच्या दिवसांत ही अपेक्षा किती ताजी वाटते!

अध्यायाचा मला सर्वांत लाडका क्षण मात्र आखानंतर लगेच येतो. ग्रहनक्षत्रे बिघडली, युगे ढासळली, राजे अधर्मी झाले, दैव आणि पुरुषार्थ यांची कुस्ती झाली, काळ-अकाळ मृत्यूचा निवाडा झाला. एवढे सगळे ऐकून अग्निवेश विचारतो काय, तर ताप आलेल्यांना वैद्य बहुधा गरम पाणीच का देतात, गार का नाही? गार पाण्याने शमणारा दोषही तापात असतोच की! इतक्या उंचीवरून एवढे सपशेल खाली उतरणे दुसऱ्या कुणाला जमले नसते, आणि गुरूही न रागावता, शरीर, कारण, देश, काळ पाहून वैद्य पाणी देतो म्हणून, तेवढ्याच गांभीर्याने उत्तर देतात. ताप आमाशयातून उठतो, आणि तिथल्या विकाराला पचवणारे, ओकवणारे, हलके करणारे उपाय लागतात. गरम पाणी पिताच वाताला वाट देते, अग्नी चेतवते, लवकर जिरते, कफ सुकवते आणि थोडेच प्यायले तरी तहान भागवते. पण पित्त फार वाढले असेल, आग होत असेल, भोवळ येत असेल, रुग्ण बरळत असेल किंवा जुलाब लागले असतील, तर गरम पाणी देऊ नये; तिथे गारच द्यावे.